पाहुणा पोपट आणि घरचा राघू

वारासिवनी परिसरातील काही कुटुंबांनी आम्हांस विचारले आहे की, मुलांच्या हौसेखातर आणलेली 'लव्हबर्ड' पाखरे उन्हाळ्यापूर्वी सोडून दिली तर ते दयेचे कृत्य ठरेल की नाही? प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. म्हणून आजचे सदर आम्ही त्यालाच देत आहोत.

प्रथम नावाचा घोळ निस्तरू. बाजारात लव्हबर्ड म्हणून जे पाखरू हाती देतात ते बहुधा बजरीगर असते. खरे लव्हबर्ड आफ्रिकेचे. बजरीगर हा ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील रूक्ष माळरानाचा रहिवासी. लांबी सुमारे १८ सेंटिमीटर, वजन जेमतेम ३० ते ४० ग्रॅम. रानातला बजरीगर अंगाने हिरवा, तोंडाने पिवळा, पाठीवर काळ्या लाटांची नक्षी असलेला असतो. निळे व पांढरे हे मनुष्याने पिंजऱ्यात जोपासलेले वाण होत. जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञाने १८४० साली जिवंत बजरीगर इंग्लंडात नेले आणि पुढे तो जगभर घरोघरी पोहोचला.

मायदेशी या पक्ष्यास कायमचा ठावठिकाणा नाही. पाऊस पडेल तिकडे थव्याने जावे, पिकलेल्या गवताचे बी टिपावे, निलगिरीच्या ढोलीत चार-सहा अंडी घालावी आणि बी संपले की पुन्हा प्रस्थान ठेवावे, असा त्याचा जीवनक्रम. एकट्याने राहणे त्यास ठाऊकच नाही. सोबत्यांचे आवाज उचलण्याची कला त्याला उपजत असते. पिंजऱ्यात सोबती नसले म्हणजे तो माणसाचे शब्द उचलतो. कॅलिफोर्नियातील पक नावाच्या बजरीगरास १७२८ शब्द येत असल्याची नोंद गिनेसच्या विक्रमग्रंथात झाली. (आमच्या शाळकरी मुलांनी हा आकडा अवश्य लक्षात घ्यावा!) मात्र लवकर बोलावा म्हणून त्याला मुद्दाम एकटे ठेवणे आम्हांस क्रूरपणाचे वाटते.

आता मूळ प्रश्न. आपल्याकडील बजरीगर पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेला. त्याला ना दाणा शोधता येतो, ना शिकरा ओळखता येतो. त्याचा निळा-पांढरा रंग तर दुरूनच कावळ्यांच्या नजरेत भरतो. अशाला उडवून देणे म्हणजे मृत्यूच्या हवाली करणे होय. दया दाखवायची तर ती पिंजऱ्यातच दाखवावी लागेल.

ती अशी. पक्षी जोडीने ठेवावेत. प्रौढ नराच्या चोचीवरील मांसल भाग निळा व मादीचा बहुधा तपकिरी असतो. पिल्लांचा पसारा नको असेल तर दोन नर ठेवावेत आणि पिंजऱ्यात मडके टांगू नये. पिंजरा आडवा, रुंद असावा. राळे, बाजरी, सोबत थोडी हिरवी भाजी द्यावी, पाणी रोज बदलावे. बुरशी आलेले धान्य मुळीच देऊ नये. २०२४ साली आपल्याच राज्यात, बांधवगडला, १० हत्ती दगावले. त्यांच्या शरीरात बुरशीग्रस्त कोदोतील विष आढळले होते. हत्तीची ही गत, तेथे एवढ्याशा पाखराची काय कथा! चुलीचा धूर आणि फार तापलेल्या नॉनस्टिक तव्याची वाफ, दोन्ही त्याला घातक. तव्याच्या वाफेने तर काही मिनिटांतही प्राण जातो. आणि ऊन! माळरानाचा पक्षी म्हणून त्याला उन्हाचे काही वाटत नाही, असे समजू नये. जानेवारी २००९ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात पारा ४५ अंशांवर गेला तेव्हा रानातले बजरीगरसुद्धा मोठ्या संख्येने मेले. आपल्या वैशाखात पत्र्याखाली टांगलेल्या पिंजऱ्यातून तर सावलीत सरकण्याचीही सोय नसते.

राघूची गोष्ट नेमकी उलटी. वैनगंगेच्या खोऱ्यातला आपला हिरवा राघू येथलाच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये त्याला पकडणे, विकणे वा घरी बाळगणे हा गुन्हा आहे, मग तो कितीही लाडाने 'मिठू' म्हणत असो. ज्यांच्या घरी असा राघू असेल त्यांनी तोही स्वतःहून उडवू नये. पंख कापलेला अथवा अनेक वर्षे कोंडलेला पक्षी झाडापर्यंतदेखील पोहोचत नाही. तो वन विभागाच्या स्वाधीन करावा. राघूची वीण साधारणतः फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत होते. त्या दिवसांत पोरे ढोलीत हात घालू लागली तर वडील मंडळींनी त्यांना झाडाखालीच अडवावे.