धबधबा रानात, जबाबदारी कोणाची?

पावसाने जोर धरला की शनिवार-रविवारी मित्रमंडळी गाड्या काढून घाटाकडे निघतात. रायगड जिल्ह्यातील भिरा गावाजवळचे देवकुंड हे त्यांचे आवडते ठिकाण. जंगलातून दोन-तीन तास चालायचे, ओढे ओलांडायचे, कुंडापाशी शिदोरी सोडायची आणि दिवस मावळायच्या आत परतायचे. आठवडाभर राबणाऱ्या पोरांनी एक दिवस रान पाहिले, तर त्यात वावगे काही नाही. पण पाण्याची रीत ठाऊक नसली की घात होतो.

देवकुंडाला पाणी येते ते वरून, ताम्हिणी घाटाच्या अंगाने. वर मुसळधार कोसळत असताना खाली उघडीप असू शकते. पाणी गढूळले, पालापाचोळा वाहून येऊ लागला, आवाज वाढला की गुराखी ओढ्यातून गुरे वर काढतो. पाहुण्याला हे सांगणार कोण? ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. पुढच्याच महिन्यात माणगावजवळ कुंभे धबधब्यापाशी एक तरुणी दरीत पडून दगावली. अशा वेळी दोर घेऊन खाली उतरायची पाळी बहुधा स्थानिक पोरांवरच येते.

मनाईचा हुकूम निघतो, फलक लागतो. मग लोक आडवाटेने शिरतात. त्यांची मोजदाद नसते, त्यामुळे संध्याकाळी कोण मागे राहिले तेही कळत नाही. भातखाचराच्या बांधावर गाड्या लागतात, लावणी तुडवली जाते, प्लास्टिक गुरांच्या पोटात जाते. नुकसान गावाचे, आणि हाती काय? काहीच नाही.

अतिवृष्टीत बंदी हवीच. पण एरवी वाट गावाच्या ताब्यात असावी. राज्यात १९९२ पासून संयुक्त वनव्यवस्थापनाची पद्धत आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनाचे रक्षण करण्याचा हक्कही दिला आहे. सरपंच, पोलीस पाटील आणि वनरक्षक यांनी एकत्र बसून ठरवावे : जाणाऱ्या-येणाऱ्यांची नोंदवही, सोबत गावचा वाटाड्या, ठरावीक शुल्क, परतीची वेळ, गाड्यांना वेगळी जागा. घाटमाथ्यावरच्या गावाने फोन करताच खालची वाट बंद व्हावी. जमा रकमेतून आधी दोर आणि तरंगती जाकिटे घ्यावीत, वाटाड्यांची मजुरी भागवावी.

हे काम जुलैत सुचून उपयोग नाही. मृगाच्या आधीच ग्रामसभेत ठराव घ्या. तंगड्या मोडून घरी आलेला पाहुणा परवडला, पण न परतलेल्याच्या आईबापाला गावाने काय सांगायचं?