पोट साफ होण्याची गोळी : किती, केव्हा आणि कुठवर?



आलेल्या पत्रांतील एक पत्र आज आपल्यापुढे ठेवतो. एक सूनबाई लिहितात : ‘सासूबाईंचे वय ७९. रोज रात्री पोट साफ होण्याची गोळी त्या गरम दुधाबरोबर घेतात. सकाळी मनासारखे झाले नाही, तर दुपारी चूर्णही घेतात. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालूच आहे. गेल्या आठवड्यात पहाटे घाईने उठल्या आणि भोवळ येऊन न्हाणीघराच्या दारात पडल्या. हाड मोडले नाही, एवढेच नशीब. ही गोळी आता बंदच करावी का?’

या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यात संपणारे नाही. औषध वाईट नाही. ते घेण्याची रीत चुकली आहे. आणि अशी रीत अनेक घरांत चुकते.

प्रथम हे औषध काय करते ते पाहू. इसबगोल पाणी धरून मळाचे आकारमान वाढवतो. लॅक्ट्युलोजसारखे पातळ औषध आतड्यात पाणी ओढून मळ मऊ करते. उत्तेजक रेचकांचे काम निराळे. ती मोठ्या आतड्याच्या भिंतीला चेतवतात. आतड्याचे आकुंचन वाढते, आतील पाण्याचे प्रमाण वाढते आणि मळ पुढे सरकतो. पोटात येणारी कळ ही त्या आकुंचनाचीच असते. बिसाकोडिल आणि सोनामुखी ही या वर्गातील नेहमीची औषधे. आपल्या आजीच्या हातचे एरंडेलही याच कुळातले.

येथे पहिली चूक लक्षात येईल. बाजारात मिळणाऱ्या अनेक चूर्णांत मुख्य घटक सोनामुखीच असते. म्हणजे रात्री गोळी आणि दुपारी चूर्ण घेणारी व्यक्ती एकाच जातीचे औषध दोनदा घेत असते. ‘चूर्ण वनस्पतीचे, त्याने काय होते?’ हा समज सोडावा. डबीवरील घटकांची यादी वाचावी आणि डॉक्टरांना औषधे सांगताना चूर्णाचे नाव वगळू नये.

दुसरी चूक दुधाची. बिसाकोडिलच्या गोळीवर एक आवरण असते. जठरात ते टिकावे आणि आतड्यात विरघळावे, अशी त्याची योजना असते. दूध किंवा आम्लपित्तावरील औषध बरोबर घेतले, तर ते आवरण जठरातच विरघळू शकते. मग मळमळ आणि पोटात मुरडा येतो. म्हणून ही गोळी पाण्याबरोबर अख्खी गिळावी. ती चावू नये, कुटू नये. दूध वा आम्लपित्ताचे औषध आणि ही गोळी यांत निदान एक तासाचे अंतर ठेवावे. गिळण्यास त्रास होतो म्हणून गोळी कुटून देण्याची सवय काळजीवाहकांना असते. येथे ती उपयोगाची नाही. डॉक्टरांकडून दुसरे औषध मागून घ्यावे.

मात्रेविषयी. बिसाकोडिलची गोळी सहसा ५ मिलिग्रॅमची असते. प्रौढांना रात्री एकदा ५ ते १० मिलिग्रॅम देतात. वृद्धांनी ५ मिलिग्रॅमनेच आरंभ करणे शहाणपणाचे. परिणाम दिसायला ६ ते १२ तास लागतात. रात्री नऊला घेतलेली गोळी पहाटेपासून सकाळपर्यंत केव्हाही काम करू शकते. तेव्हा तासा-दोन तासांत काही झाले नाही म्हणून दुसरी गोळी घेऊ नये. सोनामुखी घेणाऱ्यांची लघवी पिवळट-तपकिरी किंवा लालसर दिसू शकते. तो त्या औषधाचा रंग असू शकतो. मात्र औषध थांबवूनही रंग तसाच राहिला, तर लघवी तपासून घ्यावी.

तिसरी चूक मनातली आहे, आणि तीच सर्वांत मोठी. रेचकाने मोठे आतडे एकदा चांगले रिकामे झाले, की ते पुन्हा भरायला एक-दोन दिवस लागणे स्वाभाविक असते. त्या दिवशी शौचास झाले नाही, तर तो मलावरोध नव्हे. पण मन अस्वस्थ होते, पुन्हा गोळी घेतली जाते आणि चक्र सुरू राहते. रोज शौचास झालेच पाहिजे, असा निसर्गाचा नियम नाही. आठवड्यातून तीन वेळा, विनासायास आणि मऊ होत असेल, तर ते पुरेसे असू शकते.

आता त्या पडण्याविषयी. वारंवार जुलाब झाल्यास शरीरातील पाणी आणि पोटॅशियम कमी होते. लघवी वाढवणारी गोळी हेच करू शकते. दोन्ही एकत्र आल्या, की अशक्तपणा, पायांत गोळे, भोवळ, क्वचित हृदयाच्या ठोक्यांत अनियमितपणा संभवतो. डिगॉक्सिन किंवा स्टेरॉइड घेणाऱ्यांनीही सावध असावे. म्हणून सूनबाई, सासूबाईंना डॉक्टरांकडे नेऊन रक्तदाब बसून आणि उभ्याने तपासून घ्या, आणि रक्तातील सोडियम-पोटॅशियम पाहण्याविषयी विचारा. न्हाणीघराच्या वाटेवर रात्री दिवा असू द्या.

पोटात तीव्र दुखणे, उलट्या, पोट फुगणे, वायूही न सरणे यांपैकी काही असेल, तर रेचक मुळीच देऊ नये. आतड्यात अडथळा असू शकतो. तातडीने रुग्णालय गाठावे. शौचातून रक्त, काळा मळ, अकारण घटलेले वजन, रक्तक्षय, किंवा उतारवयात नव्याने बदललेली शौचाची सवय यांची तपासणी आधी व्हावी. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णास अनेक दिवस शौच न होता एकाएकी थोडे थोडे पातळ झिरपू लागले, तर ते जुलाब समजू नयेत. आत घट्ट मळ अडकून त्याच्या कडेने पाणी वाहत असू शकते. अशा वेळी जुलाब थांबवण्याची गोळी घातक ठरते.

ही गोळी कुठवर घ्यावी? स्वतःच्या मनाने एका आठवड्याहून अधिक नाही. योग्य मात्रेने आतडे कायमचे ‘आळशी’ होते, या जुन्या समजुतीला भक्कम आधार नाही. तरी रोज गरज पडणे म्हणजे कारण शोधायचे राहिले आहे. लोह व कॅल्शियमच्या गोळ्या, ट्रॅमाडॉल वा कोडीन असलेली वेदनाशामके, थायरॉइडची उणीव, मधुमेह, कंपवात ही नेहमीची कारणे. वेदनाशामके आवश्यकच असतील, तर डॉक्टर रेचक नियमाने चालू ठेवतात. तेथे ते योग्यच आहे.

बाकीचे उपाय साधे आहेत. न्याहारीनंतर आतड्यांची हालचाल आपोआप वाढते. त्या वेळी दहा मिनिटे निवांत बसू द्यावे. कमोडवर बसताना पायांखाली पाट ठेवावा, म्हणजे गुडघे वर येऊन मार्ग मोकळा होतो. भाजी, फळे, कडधान्ये हळूहळू वाढवावीत. पाणी पुरेसे घ्यावे. मात्र हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारात किती, हे डॉक्टरांना विचारावे. इसबगोल भरपूर पाण्यासह आणि झोपण्याच्या अगदी आधी नको.

सूनबाई, चूर्ण आजच थांबवा आणि डॉक्टरांना भेटेपर्यंत गोळीही देऊ नका. एका वहीत आठवडाभर शौचाचा दिवस, स्वरूप आणि घेतलेली औषधे लिहा. ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. आणि सासूबाईंना एवढे जरूर सांगा, की एखादी सकाळ रिकामी गेली, तर काही बिघडत नाही.