पाण्यात न उतरलेला दिवस



मे महिन्यातल्या बँक हॉलिडेला आपल्या वर्गाला सुट्टी होती. मी आणि माझी चौदा वर्षांची मुलगी पहाटे पाचला निघून डॉर्सेटमधल्या स्वॉनेजला पोचलो. गाडीत हवेचे सिलिंडर, रबरी सूट आणि सौ.ने करून दिलेली थालीपीठं. बेत असा की, 1897 साली सुरू झालेल्या तिथल्या लाकडी धक्क्याखाली चार-पाच मीटर पाण्यात डुबकी मारायची. तिथल्या खांबांच्या फटींतून ब्लेनी नावाचे छोटे मासे डोकावत असतात. ते तिला पाहायचे होते.

पण वारा पूर्वेचा होता. स्वॉनेजचा किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे, त्यामुळे हा वारा सुटला की लाटा सरळ आत येतात आणि तळाची वाळू ढवळून काढतात. पाणी अगदी दुधाच्या चहासारखं झालं होतं. मुलीचा चेहरा उतरला. माझ्याही मनात आलं, ‘एवढ्या लांब आलोय, पेट्रोल जाळलंय, उतरून तर बघू!’

या ‘एवढ्या लांब आलोय’बद्दलच मला आज लिहायचं आहे.

गेल्या वर्षी दुसऱ्या एका किनाऱ्यावर मी या विचाराचं ऐकलं होतं. गढूळ पाण्यात दोन मिनिटांतच माझा जोडीदार दिसेनासा झाला. नियम असा आहे की, फार तर एक मिनिट शोधायचं आणि मग सावकाश वर यायचं. ते एक मिनिट मी अजून विसरलेलो नाही. वर आल्यावर आमची गाठ पडली, काही झालं नाही. पण जोडीदाराच्या जागी माझी मुलगी असती तर?

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. प्रोग्रॅममध्ये दोष आहे हे ठाऊक असूनही, केवळ तारीख जाहीर झाली म्हणून तो गिऱ्हाइकाला दिलेला मी पाहिला आहे. खर्च झालेला वेळ आणि पैसा परत येत नसतो. म्हणून तो पुढच्या निर्णयात धरायचाच नाही. हे कागदावर सोपं आहे, भरल्या गाडीशेजारी उभं राहून अवघड.

आम्ही सिलिंडर गाडीतच ठेवले. थालीपीठं खाल्ली आणि चालत डर्लस्टनला गेलो. तिथे 1887 साली बसवलेला, सुमारे चाळीस टनांचा दगडी पृथ्वीगोल आहे. त्यावर आम्ही हिंदुस्थान शोधला. पुढे अ‍ॅन्व्हिल पॉइंटला समुद्राकडे बोट दाखवून मी तिला ‘क्यारा’ या जहाजाची गोष्ट सांगितली. 26 मे 1918 रोजी जर्मन पाणबुडीने बुडवलेलं हे जहाज तिथे साधारण तीस मीटर खोल पडलं आहे. “बाबा, आपण तिथे कधी जायचं?” तिने विचारलं. म्हटलं, “तुझं शिक्षण पुरं झाल्यावर, आणि समुद्र हो म्हणेल तेव्हा.” दिवसभर ती माझ्याशी मराठीत बोलत होती, हे मला घरी येताना लक्षात आलं.

आपले कोळी बांधव हे कधीपासून जाणतात. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, जाळी विणतात आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन मगच पुन्हा निघतात. त्या थांबण्याला कोणी भित्रेपणा म्हणत नाही.

आपण मुलांना सतत सांगतो, ‘प्रयत्न सोडू नकोस.’ पियानोची परीक्षा असो की शाळेची, हेच पालुपद. ते बरोबरच आहे. पण कुठे थांबायचं, हे त्यांना कोण शिकवणार? ते पुस्तकात वाचून येत नाही. आई-बाबा तयारीनिशी जाऊन, हसतमुखाने मागे फिरलेले त्यांना दिसले पाहिजेत.

ब्लेनी काही पळून जात नाहीत. वारा बदलला की आम्ही पुन्हा जाऊ. तुम्हाला काय वाटतं, पुढच्या अंकात जरूर लिहा.

– एक पालक