मुंबई ते जिद्दा किती लांब?

गेल्या आठवड्यात मोहल्ल्यात एकांकडे दावत होती. ते हजला निघाले होते. जेवताना विषय निघाला, जिद्दा किती लांब? त्यांच्या नातवाने लगेच मोबाईल पाहून सांगितलं, "मुंबईहून साडेतीन हजार किलोमीटर. विमानाने पाच-साडेपाच तास." कुणीतरी म्हणालं, "म्हणजे आपल्याला लातूरहून मुंबई गाठायलाच जास्त वेळ लागतो!" सगळे हसले.

हिशेब बरोबर आहे. पण माझे आजोबा 1970 च्या दशकात हजला गेले ते जहाजाने. मुंबईहून अरबी समुद्र, मग एडनचं आखात, बाब-अल-मंदेबची सामुद्रधुनी आणि तांबडा समुद्र. आठवडाभराहून जास्त पाण्यावर. 1995 मध्ये मुंबईहून जाणारी हजची जहाजं बंद झाली.

त्या जहाजांचे गोडवे मला गायचे नाहीत. लोक उलट्यांनी हैराण व्हायचे, आजारी पडायचे. म्हाताऱ्या माणसांसाठी विमान ही रहमतच आहे. पण प्रवास लांबचा, परत येण्याची खात्री नाही, म्हणून माणूस निघण्यापूर्वी हिशेब पुरे करायचा. आजोबांनी दुकानदाराची उधारी फेडली, वसीयत लिहिली. बांधावरून ज्यांच्याशी बोलणं बंद होतं, त्या चुलतभावाच्या दारात स्वतः गेले. "कहा-सुना माफ करा" हे समोर बसून म्हटलं.

आता? विमानतळावर इहराममधला फोटो काढायचा आणि दोनशे जणांना एकच मेसेज पाठवायचा: 'काही चुकलं असेल तर माफ करा.' ज्याचं खरंच चुकवलंय, त्यालाही तोच मेसेज आणि ज्याला कधी भेटलो नाही, त्यालाही तोच.

आपले उलेमा वारंवार सांगतात की हुकूकुल इबाद, म्हणजे माणसांचे हक्क, हे त्या माणसाला परत दिल्याशिवाय किंवा त्याने मनापासून माफ केल्याशिवाय सुटत नाहीत. सूरह बकरामध्ये हजच्या शिदोरीचा विषय येतो, तिथेही पहिला मान तकवाला आहे.

आणि आपल्याकडे सर्वांत मोठी थकबाकी कुणाची? बहिणीची. सूरह निसामध्ये तिचा हिस्सा स्पष्ट दिलेला आहे. तरी वडील गेल्यावर तलाठ्याकडे जाण्याआधी बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. "माहेर तुटायला नको" म्हणून ती सही करते. तिची ती खुशी नसते, नाइलाज असतो. मग त्याच जमिनीच्या पिकावर किंवा विक्रीवर आपण हजचे पैसे भरतो. शरीयतच्या नावाने मोर्चे काढणारे आपण, हा शरीयतचाच हुकूम मात्र सोयीने विसरतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. हज कमिटीच्या कुर्ऱ्यात नाव आल्यापासून विमान सुटेपर्यंत काही महिने हातात असतात. त्यात आपण बॅगा, इंजेक्शनं, रियाल, सिमकार्ड सगळं बघतो. त्यातलाच एक रविवार काढून बहिणीच्या घरी जावं. मिठाई नेऊ नये, सातबारा न्यावा. तिचा हिस्सा किती होतो ते तिच्या मुलांसमोर सांगावं आणि कधी देणार ते कागदावर लिहून द्यावं.

बहीण चाळीस किलोमीटरवरच राहते. एसटीने तास-सव्वा तास. जिद्दाच्या आधी तिथे जाऊन यावं.