दुरुस्तीचा धंदा

मागील अंकांत घरगुती धंद्यांविषयीं लिहितांना, जुनी वस्तु बिघडतांच ती मोडींत घालण्याचा आम्हां पांढरपेशांचा जो स्वभाव, त्याचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर एका वाचकभगिनीनें विचारलें आहे, "मास्तर, आपण स्वतः कधीं कांहींच मोडींत घातलें नाहीं काय?" घातलें आहे, आणि तें कबूल करण्यासाठींच आज लेखणी हातीं घेतली आहे.

प्रस्तुत लेखक कोल्हापुरांतील एका शाळेंत संस्कृत शिकवीत असे. धातुरूपें घोकविणाऱ्याच्या गळ्यांत शाळेचें बँडपथक कसें पडलें, ती कथा येथें अप्रस्तुत आहे. दोन मोठे ढोल, चार लहान, सहा बिगुल, एक कॉर्नेट, झांजांची जोडी आणि गायनाच्या वर्गाचा एक तंबोरा, इतकी मालमत्ता नोंदवहींत माझ्या नांवें होती. एके वर्षीं निकामी वस्तूंची यादी करण्याचा हुकूम आला. कॉर्नेटच्या तिन्ही कळा अडकल्या होत्या, नळीस पोचा पडला होता, आणि फुंकल्यास स्वराऐवजीं नुसता वारा निघे. मीं यादींत त्याचें नांव लिहिलें, खालीं सही केली, आणि तें पितळ वजनावर विकलें गेलें.

पुढें लग्नसराईंत एका बँडवाल्याशीं सहज बोलणें निघालें. तो म्हणाला, "गुरुजी, कळा अडकतात त्या थुंकी आणि धूळ आंत सुकल्यामुळें. कोमट पाण्यांत साबण घालून वाद्य भिजत ठेवावें, फडक्यानें पुसावें, पातळ तेलाचे दोन थेंब सोडावे. पोचा आंतून गोल लोखंडानें दाबून वर येतो. दोन दिवसांचें काम होतें." हीं वाद्यें तिकडे मेरठास जळी कोठी भागांत घडतात; तेथून एक नवें मागविण्यास शाळेस जमलें नाहीं, आणि पथकांत कॉर्नेट पुन्हा वाजलें नाहीं. जो मुलगा तें वाजवीत असे, त्याच्या हातीं मीं झांजा दिल्या. त्यानें तक्रार केली नाहीं, हेंच अधिक बोंचलें.

पुढील यादींत तंबोऱ्याचें नांव यावयाचें होतें. भोपळा आणि दांडी यांचा सांधा सुटला होता, तबलीस चीर गेली होती. या वेळीं मात्र मीं सही केली नाहीं. तंबोरा जुन्या लुगड्यांत गुंडाळला आणि मिरजेची गाडी धरली. १८९१ सालीं हा लोहमार्ग झाल्यापासून रुकडी, हातकणंगले, जयसिंगपूर या वाटेनें किती तंबोरे असे मांडीवर बसून गेले असतील, त्याची गणना कोण करणार!

मिरजेचे सतारमेकर हे मूळचे शिकलगार; तलवारी-खंजिरांस धार आणि झिलई देणारे. इंग्रजी अमलांत शस्त्रांचा धंदा बसला. तेव्हां एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास फरीदसाहेब नांवाच्या कारागिरानें सतार-तंबोऱ्याकडे हात वळविला, असें परंपरेनें सांगतात. पटवर्धन संस्थानिकांचा संगीतास आश्रय होता. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेस शिकवीत, आणि त्यांच्यापाशीं विष्णु दिगंबर घडले. पुढें अब्दुल करीमखांसाहेब तेथेंच राहिले. गवयी दारांत असल्यावर कारागिराचा कान आपोआपच तयार होतो.

ज्या कारखान्यांत मी गेलों, तो म्हणजे घराचीच ओसरी. छताला कडू भोपळे टांगलेले. ते पंढरपूर-मंगळवेढ्याकडील शेतांतून येतात, वाळून लाकडासारखे कठीण होतात. घरांतील एक पुत्र भोपळा कापतो, दुसरा दांडी कोरतो, आणि घोडीचें काम मात्र वृद्ध चाचांकडे. त्यांनीं तंबोऱ्यावर बोटानें टिचकी मारली. "भोपळा गेला नाहीं, गुरुजी. सांधा सुटलाय आणि जवारी मेलीय."

जवारी म्हणजे काय, हें तंबोरा असलेल्या घरांतही पुष्कळांस ठाऊक नसतें. घोडीचा माथा रुंद आणि किंचित् बाकदार असतो; कंप पावणारी तार त्यास हलकेच स्पर्शते, आणि त्या स्पर्शांतून उपस्वरांचा झंकार उठतो. तार जेथें छेडावी त्या स्थानानुसार जे उपस्वर पाश्चात्य नियमाप्रमाणें उठूंच नयेत, तेही येथें ऐकूं येतात. याविषयीं चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ सालीं निबंध लिहिला होता. वर्षानुवर्षांच्या वाजविण्यानें घोडीवर तारांचे चर पडतात आणि झंकार मुका होतो. मग कानस. एक हात कानशीचा, मग तार चढवून ऐकणें, तारेखालीं सूत सरकविणें, पुन्हा तार उतरविणें. चाचांनीं हें किती वेळां केलें तें मीं मोजलें नाहीं. दुपारची चहाची वेळ टळून गेली होती. कानस एकदां अधिक फिरली कीं घोडी वायां जाते, आणि याचें माप कोणत्याही पट्टीवर नाहीं.

२०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें, ही आनंदाची गोष्ट खरी. परंतु मानांकन नव्या वाद्याच्या विक्रीस उपयोगी. दुरुस्तीस बसलेल्या माणसाची मजुरी त्यानें कितीशी वाढणार? आणि आतां तर मोबाईलमध्येंच तंबोरा वाजतो, त्याची जवारी कधीं मरत नाहीं.

चाचांचा नातू पदवीधर आहे. त्याचा बाप मला बाजूस घेऊन म्हणाला, "तुम्ही शिक्षक. त्याला सांगा, पगाराची जागा बघ म्हणून. आजोबांपाशीं बसतो, त्यानें घर चालत नाहीं." तीस वर्षें मीं हाच उपदेश शेंकडों मुलांस केला होता, त्या दिवशीं तो माझ्या तोंडून निघेना. तूं बसच, असेंही म्हणवेना. कारण त्याच्या घरची चूल मी पेटविणार नव्हतों. मीं मुलास एवढेंच विचारलें, "घोडी एकट्यानें लावतां येते का?" तो म्हणाला, "सतारीची येते. तंबोऱ्याची अजून आजोबा परत तपासतात." बापानें मान फिरविली. मजुरीचे पैसे मीं तेथेंच मोजून दिले. उधारी ठेवणाऱ्या संस्थांविषयीं तेथें जें ऐकलें, तें शिक्षकाच्या पेशास शोभणारें नव्हतें.

ज्यांच्या घरीं तंबोरा आहे, त्यांनीं तो चुलीजवळच्या भिंतीस टेकूं नये. वापर नसेल तेव्हां तारा किंचित् उतराव्या, पावसाळ्यांत गवसणी घालावी. सांधा सुटल्यास घरच्या मुलांस चिकट-द्रव्याचे प्रयोग करूं देऊं नयेत. अशा प्रयोगांतून सोडविण्यासच कारागिराचा अर्धा दिवस जातो.

आमचा तंबोरा परत आला. आमच्या स्नुषेनें तो शाळेंत पोंचविण्यापूर्वीं दोन दिवस घरीं ठेवून घेतला, आणि पहांटे माजघरांत षड्ज लागला तेव्हां आमचा धाकटा नातू अंथरुणांतून उठून बसला. तो विचारीत होता, आंत कोण गातें आहे.