उद्यानातील हवा आणि कपाटातील गोळ्या

उद्यानांतील हवेत जंतू तरंगत असतात आणि त्यांतील काही औषधांनाही दाद देत नाहीत, ही वार्ता हल्ली पुष्कळ पालकांच्या कानी आली आहे. सायंकाळी मुलांना बागेत पाठवावे की नाही, असे ते आम्हां शिक्षकांस विचारतात. आमचे उत्तर निःसंदिग्ध आहे : अवश्य पाठवावे.

हवेत जंतू असणे ही काही नवी गोष्ट नव्हे. लुई पाश्चर याने १८६० साली उकळून निर्जंतुक केलेल्या द्रवाचे चंबू ठिकठिकाणी उघडून पुन्हा बंद केले. आर्ब्वा गावाजवळ उघडलेल्या २० चंबूंपैकी ८ नासले, ज्युरा पर्वतावर ५, आणि आल्प्समधील हिमनदीवर अवघा १. पुढे पिएर मिकेल या संशोधकाने पॅरिसच्या माँसूरी उद्यानातील वेधशाळेत बसून वर्षानुवर्षे हवेतील जंतू मोजले. शहरातील रिव्होली रस्त्यावर त्याला उद्यानापेक्षा ते अनेक पटींनी अधिक आढळले. तेव्हा बागेला भिऊन मुलाला बाजाराच्या रस्त्यावरून फिरवून आणणे म्हणजे आगीतून फुफाट्यात जाणे होय.

नवी गोष्ट आहे ती निराळीच. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगातील १९ शहरांच्या हवेतील धूळ तपासण्यात आली. तीत प्रतिजैविक औषधांना विरोध करण्याचे सामर्थ्य जंतूंना देणारी जनुके सापडली. इंडोनेशियातील बांडुंग येथे त्यांचे प्रमाण सर्वांत कमी, तर अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे सर्वाधिक होते. हे ऐकून घाबरण्याचे मात्र कारण नाही. जनुक सापडले म्हणजे रोग जडला, असे होत नाही. तथापि जंतू ही जनुके परस्परांस देऊ शकतात. एकाने शिकलेली विद्या शेजाऱ्याने फुकट उचलावी, तसाच हा प्रकार. (आमच्या वर्गात गृहपाठाच्या बाबतीत हे नित्य घडते !)

ही विद्या जंतूंना शिकविली कोणी ? रुग्णालयांचे सांडपाणी, कोंबड्यांच्या खाद्यात मिसळलेली औषधे, आणि आपण स्वतः. कोलिस्टिन हे अखेरच्या उपायाचे औषध अन्नासाठी पाळलेल्या पशुपक्ष्यांना देण्यावर भारत सरकारला २०१९ साली बंदी घालावी लागली. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी तर १९४५ सालच्या आपल्या नोबेल व्याख्यानातच हा धोका सांगून ठेवला होता. घसा दुखतो म्हणून एक गृहस्थ स्वतःच्याच मनाने अपुरे पेनिसिलिन घेतो. जंतू मरत नाहीत, उलट शहाणे होतात. पुढे तेच जंतू त्याच्या पत्नीस बाधतात आणि औषध चालत नाही. हा कल्पित गृहस्थ आम्हांस फार ओळखीचा वाटतो.

आमच्या गोव्यात औषधाच्या दुकानाला 'फार्मासी' म्हणतात. तेथे जाऊन "मागच्या वेळच्याच गोळ्या द्या" म्हणणारी मंडळी थोडी नाहीत. पडशाला कारण विषाणू, आणि प्रतिजैविकांचा त्यांच्यावर काडीइतकाही परिणाम होत नाही. तरी चार गोळ्या घ्यायच्या, ताप उतरला की उरलेल्या कपाटात ठेवायच्या आणि पुढच्या खेपेस शेजारच्या मुलाला द्यायच्या, हा शेजारधर्म समजला जातो. कित्येक प्रतिजैविके २०१४ पासून 'परिशिष्ट एच १' मध्ये आहेत. त्यांच्या विक्रीची दुकानदाराने वेगळी नोंद ठेवावी लागते. कायदा आहे, पण ग्राहकानेच हट्ट धरला तर दुकानदाराने किती वेळा नाही म्हणावे ?

उद्यानांविषयी आमचे एकच मागणे आहे, आणि ते नगरपालिकांकडे आहे. चीनमधील शहरांत, शुद्ध केलेले सांडपाणी घातलेल्या उद्यानांच्या मातीत अशी जनुके फार वाढलेली आढळली, असे २०१४ साली प्रसिद्ध झाले. पाण्याच्या टंचाईत असे पाणी झाडांना द्यावे लागेल, हे आम्हांस मान्य आहे. पण ते फवाऱ्याने हवेत उडवू नये. नळीने मुळाशी सोडावे, आणि तेही मुले घरी परतल्यावर.