विद्येला निवृत्ती नाही
(तृतीय वर्ष, कला)

माणूस साठीला आला की आपण त्याला पिकले पान म्हणून मोकळे होतो. शाल, श्रीफळ आणि दोन भाषणे झाली की त्याचा व त्याच्या कामाचा संबंध संपला, अशी आपली समजूत. ही समजूत किती उधळी आहे, हे अमेरिकेतील टेलिफोन कामगारांच्या एका संघटनेची हकीकत वाचताना मला जाणवले.

'टेलिफोन पायोनियर्स ऑफ अमेरिका' ही ती संघटना. १९११ साली बोस्टन येथे ती स्थापन झाली. आरंभीचे सभासद ७३४. त्यांत टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल होते, तर पहिले अध्यक्ष होते थिओडोर व्हेल. धंद्यातल्या जुन्याजाणत्यांनी एकत्र यावे, जुन्या आठवणी जागवाव्यात, एवढाच मूळ हेतू. कित्येक वर्षे हा स्नेहमेळावाच राहिला. पुढे १९५८ मध्ये समाजसेवा हे संघटनेचे ध्येय ठरले आणि नोकरीतले व निवृत्त असे दोघेही कामाला लागले.

सेवा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे वर्गणी आणि फळवाटप येते. या मंडळींनी स्वतःला निराळाच प्रश्न विचारला : आपल्या हाताला काय येते? तारा जोडणे, यंत्र उघडणे, बिघाड शोधणे. तेथील काँग्रेस ग्रंथालयातर्फे अंधांना 'बोलकी पुस्तके' आणि ती ऐकण्याची यंत्रे विनामूल्य मिळतात. यंत्र आले की नादुरुस्तीही आलीच. १९६० पासून ही यंत्रे दुरुस्त करण्याचे काम पायोनियर्सनी विनामोबदला अंगावर घेतले.

१९६४ मध्ये चार्ल्स फेअरबँक्स या टेलिफोन इंजिनियरने चेंडूत 'बीप बीप' वाजणारे यंत्र बसवले. त्यातून अंधांचा बेसबॉल उभा राहिला. फटका बसताच मैदानावरील दोन खांबांपैकी एक वाजू लागतो आणि खेळाडू त्या आवाजाच्या रोखाने धावत सुटतो. आपल्याकडील अंधांच्या क्रिकेटमधला खुळखुळणारा चेंडू ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या धावण्यातला आनंद वेगळा सांगायला नको. बेल हे मूळचे बधिर मुलांचे शिक्षक होते. त्यांच्या व्यवसायबंधूंची विद्या अशा रीतीने अपंगांच्याच कामी आली, हा योगही मोठा विलक्षण! १९८४ मध्ये मूळ कंपनीचे तुकडे झाले, तरी संघटना टिकली.

कोणी म्हणेल, तेथे कंपन्यांचे पाठबळ होते, पेन्शनही बरी होती. खरे आहे. आपल्याकडे जानेवारी २०२० मध्ये भारत संचार निगमच्या ७८ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांनी एकाच वेळी स्वेच्छानिवृत्ती घेतली. ज्यांच्या घरी मुलांची शिक्षणे आणि कर्जाचे हप्ते आहेत, त्यांना सेवेचा उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. पण एक शंका मात्र राहते. एवढ्या हातांतली विद्या घरी बसली, तेव्हा तिच्याकडे कोणी काही मागितले का?

आणि आपले काय? राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून चालू आहे. आमच्या शिबिरात आम्ही घमेली उचलून रस्ता केला. श्रमदानाला मी कमी लेखत नाही. परंतु त्याच दिवसांत आमच्या वर्गातील एक अंध मित्र पाठ्यपुस्तक कोणी वाचून दाखवील का, म्हणून वसतिगृहात खोली-खोलीचे दार ठोठावीत होता. दारे बंद होती. आम्ही सारे सेवेला गेलो होतो!

आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांना काय येते, असे लोक थट्टेने विचारतात. आपल्याला वाचता येते, स्पष्ट उच्चारता येते, अर्थ समजून थांबता येते. आज प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रण करणारा टेलिफोन आहे. प्रत्येकाने वर्षाकाठी पाठ्यपुस्तकातील एक प्रकरण वाचून मुद्रित केले, निवृत्त प्राध्यापकांनीही आवाज दिला आणि ग्रंथालयाने ते नीट लावून ठेवले, तर या महाविद्यालयात पुन्हा कोणाला दारे ठोठावावी लागणार नाहीत. पहिले प्रकरण मी वाचतो. दुसरे कोण वाचणार?